दोन हातांचे यंत्र आणि एका हाताचा खेळाडू : गेम कंट्रोलरची संगणकीय नक्कल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार, सांधेदुखी अशा विषयांवरील लेख वाचण्याची सवय असलेल्या वाचकांना प्रस्तुत लेखाचा विषय काहीसा अनपेक्षित वाटेल. संगणकावरील खेळ, त्यासाठी लागणारा गेम कंट्रोलर, आणि तो कंट्रोलर नसताना कीबोर्ड व माऊस यांच्याकडून त्याचे काम करवून घेणारे सॉफ्टवेअर, हा विषय वैद्यकाच्या कक्षेत कसा येतो, असा प्रश्न कोणासही पडावा. मी पुनर्वसन वैद्यकाच्या क्षेत्रात काम करतो. गेल्या काही वर्षांत या सॉफ्टवेअरचा उपयोग माझ्या रुग्णांसाठी करण्याची वेळ माझ्यावर आली. त्यातून जे शिकावयास मिळाले ते व्यवसायबंधूंपुढे आणि इंदूरच्या आपल्या मराठी परिवारांपुढे क्रमाने मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. संगणकाची विशेष माहिती नसलेल्या वाचकांनाही विषय समजावा म्हणून प्रारंभ मुळापासून करतो.

कंट्रोलर संगणकाला काय सांगतो?

आज प्रचलित असलेला गेम कंट्रोलर हा दोन्ही हातांच्या तळव्यांत धरावयाचा असतो. त्यावर दोन अंगठ्यांसाठी दोन छोट्या दांड्या असतात. त्यांना आपण स्टिक म्हणू. दोन्ही तर्जनींसाठी पुढच्या कडेला दाबावयाचे दोन खटके असतात; त्यांना ट्रिगर म्हणतात. याशिवाय अनेक बटणे असतात. मायक्रोसॉफ्टने २००५ साली एक्सबॉक्स ३६० हे खेळयंत्र बाजारात आणले. त्याच्या कंट्रोलरसाठी विंडोजमध्ये ‘एक्सइनपुट’ नावाची संवादपद्धती आली, आणि पुढे विंडोजवरील बहुसंख्य खेळांनी हीच पद्धती स्वीकारली. त्यापूर्वीची ‘डायरेक्टइनपुट’ ही पद्धती अधिक मोकळी होती. परंतु तीत प्रत्येक उत्पादकाच्या कंट्रोलरवर कोणते बटण कोठे आहे हे खेळाला निश्चितपणे कळत नसे.

एक्सइनपुटमध्ये कंट्रोलरची संपूर्ण स्थिती मोजक्या आकड्यांत सांगितली जाते. बटणांसाठी १६ बिटांचा एक आकडा असतो. प्रत्येक ट्रिगर ० ते २५५ यांमधील एक संख्या देतो. प्रत्येक स्टिक दोन संख्या देते, एक आडव्या अक्षाची व एक उभ्या अक्षाची. त्या उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत असतात. एका संगणकावर असे जास्तीत जास्त चार कंट्रोलर ओळखले जातात. खेळ दर सेकंदाला अनेकदा विचारतो, ‘आता तुझी स्थिती काय?’ आणि त्याला हे आकडे मिळतात. त्या आकड्यांमागे माणसाचा अंगठा आहे की आणखी काही, हे पाहण्याचे साधन साधारणतः खेळाजवळ नसते. नक्कल करणारे सॉफ्टवेअर नेमका याच गोष्टीचा लाभ घेते.

नक्कल कशी घडते?

या ठिकाणी एक सामान्य गोंधळ दूर केला पाहिजे. जॉयटूकी, एक्सपॅडर यांसारखी सॉफ्टवेअर उलट दिशेने काम करतात. म्हणजे हातात कंट्रोलर असतो आणि संगणकाला मात्र कीबोर्डच्या कळा दाबल्यासारखे वाटते. एक्स३६०सीई हे तिसऱ्या प्रकारचे आहे. ते जुन्या पद्धतीच्या जॉयस्टिकला एक्सबॉक्स कंट्रोलरचे रूप देते. आपला विषय आहे तो असा, की हाताखाली कीबोर्ड व माऊस आहेत आणि खेळाला मात्र कंट्रोलर दिसला पाहिजे.

हे काम चार पायऱ्यांत होते. पहिल्या पायरीवर सॉफ्टवेअर कीबोर्ड व माऊसकडून येणारे संकेत ऐकते. दुसऱ्या पायरीवर ते एका तक्त्याप्रमाणे त्यांचे भाषांतर करते. अमुक कळ म्हणजे अमुक बटण, माऊसची उजवीकडील हालचाल म्हणजे उजव्या स्टिकचे उजवीकडे झुकणे, इत्यादी. तिसऱ्या पायरीवर हे आकडे एका आभासी कंट्रोलरच्या ड्रायव्हरकडे जातात. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि विंडोज यांच्यामधला दुभाषी. येथे तो प्रत्यक्षात नसलेले यंत्र जोडलेले आहे असे विंडोजला सांगतो. चौथ्या पायरीवर खेळ नेहमीप्रमाणे विचारणा करतो व त्याला या आभासी कंट्रोलरची स्थिती मिळते. ‘व्हीजॉय’ हा ड्रायव्हर डायरेक्टइनपुट पद्धतीची आभासी जॉयस्टिक निर्माण करतो. ‘व्हायजेम’ हा एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरची हुबेहूब नक्कल करतो. व्हायजेमचा विकास २०२३ साली थांबविण्यात आला. तथापि त्याच्या आधारावर बांधलेली सॉफ्टवेअर त्यानंतरही वापरात राहिली. लिनक्समध्ये हीच सोय ‘यूइनपुट’ या नावाने त्या प्रणालीच्या गाभ्यातच आहे.

एक अडचण येथे हमखास येते. मूळ कीबोर्डचा संकेतही खेळापर्यंत पोहोचत राहिला, तर एकाच दाबाने दोन क्रिया घडतात. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर झालेली कळ खेळापासून लपविण्याची सोय असते. ती चालू आहे ना, हे प्रथम पाहावे.

कळ आणि स्टिक यांतील अंतर

कीबोर्डची कळ दाबलेली असते किंवा नसते. तिला मधली अवस्था नाही. स्टिक मात्र थोडी, अर्धी वा पूर्ण झुकू शकते. ‘पुढे’ ही कळ दाबली की सॉफ्टवेअर उभ्या अक्षावर ३२,७६७ हा आकडा देते, म्हणजे खेळातील पात्र एकदम धावू लागते. सावकाश चालवावयाचे असेल, तर आणखी एक कळ राखून ठेवावी लागते. ती दाबून धरली असता आकडा निम्मा होतो. ट्रिगरसाठी उताराची योजना करतात; म्हणजे कळ दाबल्यावर आकडा ० वरून २५५ वर एकदम न जाता सेकंदाच्या एखाद्या अंशात चढत जातो. मोटार शर्यतीच्या खेळात याने फार फरक पडतो.

तिरप्या दिशेचे गणितही ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘पुढे’ आणि ‘उजवीकडे’ या दोन्ही कळा एकत्र दाबल्या व दोन्ही अक्षांवर पूर्ण आकडा दिला, तर पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे स्टिक आपल्या वर्तुळाच्या बाहेर, १.४१ पट दूर गेल्यासारखी होते. काही खेळांत त्यामुळे पात्र तिरपे अधिक वेगाने धावते, तर काहींत विचित्र वागते. म्हणून प्रत्येक अक्षावर सुमारे २३,१७० हा आकडा देणे योग्य ठरते.

कीबोर्डची स्वतःचीही एक मर्यादा आहे. यूएसबी कीबोर्डच्या सर्वांत साध्या संदेशात ८ बाइट असतात: पहिला शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या आठ साहाय्यक कळांसाठी, दुसरा राखीव, आणि उरलेले सहा एकेका सामान्य कळेसाठी. स्वस्त कीबोर्डांत आतील तारांच्या जाळ्यामुळे काही विशिष्ट तीन कळा एकत्र दाबल्या असता तिसरी ओळखलीच जात नाही. दोन्ही हात शाबूत असलेल्या माणसाला हे क्वचितच जाणवते. ज्याला एकाच हाताने सर्व कळा दाबावयाच्या आहेत, त्याच्यासाठी मात्र कळांची निवड करताना प्रत्येक त्रिकूट तपासून पाहावे लागते.

माऊसची अडचण

माऊसकडून स्टिकचे काम करून घेणे त्याहून कठीण आहे, कारण दोघांची भाषाच भिन्न आहे. माऊस केवळ ‘मागच्या वेळेपासून मी इतका सरकलो’ असे सांगतो. स्टिक ‘मी आत्ता इतकी झुकलेली आहे’ असे सांगते, आणि ती जितकी झुकलेली तितक्या वेगाने खेळातील दृष्टी वळत राहते. म्हणून सॉफ्टवेअरला माऊसच्या वेगाचे रूपांतर स्टिकच्या झुकावात करावे लागते आणि माऊस थांबताक्षणी स्टिक मध्यभागी आणावी लागते.

यातून दोन प्रश्न निर्माण होतात. पहिला कमाल मर्यादेचा. उदाहरणादाखल असे समजू, की स्टिक पूर्ण झुकविली असता खेळातील पात्र एका सेकंदात १८० अंश वळते. माऊसला झटका देऊन एक दशांश सेकंदात ९० अंश वळू पाहणाऱ्यास सेकंदाला ९०० अंशांचा वेग हवा. तो त्या खेळात उपलब्धच नाही. दुसरा प्रश्न मध्यभागाचा. झिजलेली स्टिक मध्यभागी पूर्ण स्थिर राहत नाही, म्हणून खेळ मध्याजवळचे आकडे दुर्लक्षित करतात. या पट्ट्याला डेड झोन म्हणतात. मायक्रोसॉफ्टने डाव्या स्टिकसाठी सुचविलेला डेड झोन ७,८४९ इतका, म्हणजे पूर्ण झुकावाच्या सुमारे २४ टक्के आहे. माऊसची हळुवार हालचाल या पट्ट्यात पूर्णपणे हरवते. त्यावर उपाय असा, की सॉफ्टवेअरने हालचाल सुरू होताच तो पट्टा ओलांडून पलीकडच्या आकड्यापासून मोजणी सुरू करावी.

आपल्या शल्यचिकित्सक मित्रांना यातील काही गोष्टी परिचित वाटतील. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात एकीकडे आणि उपकरणाचे टोक दुसरीकडे जाते. येथे अक्ष उलटा करण्याची सोय असते. रोबोटच्या साह्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेत हाताची मोठी हालचाल लहान केली जाते आणि कंप गाळला जातो. येथे संवेदनशीलता कमी करणे व हालचाल गुळगुळीत करणे या नावांनी तेच घडते. कंप गाळण्याची किंमत मात्र द्यावी लागते. गाळणी जितकी दाट, तितका पडद्यावरील प्रतिसाद उशिरा येतो.

एका रुग्णाची हकीकत

आता हे सर्व कोणासाठी, याकडे वळतो. रुग्णाची व त्याच्या कुटुंबाची संमती घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील गाळून ही हकीकत सांगत आहे.

एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी मोटारसायकलच्या अपघातानंतर माझ्याकडे आला. त्याच्या उजव्या खांद्याजवळील ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे, मुळापासून तुटले होते. खांदा किंचित उचलता येत होता, तोही मानेकडून येणारा स्वतंत्र मज्जातंतू शाबूत होता म्हणून. त्याखाली हात निर्जीव लोंबत होता. हा मुलगा मूळचा उजवा. व्यवसायबंधूंना ठाऊकच आहे, की अशा इजेत हाताला स्पर्श कळत नाही, परंतु वेदना मात्र भयंकर असते. ‘कोणी तरी हात चरकात घातला आहे’ असे तो म्हणे. औषधांनी ती काही प्रमाणात कमी झाली, थांबली नाही. योग्य मुदतीत मज्जातंतूंची शस्त्रक्रिया झाली. बरगड्यांमधील मज्जातंतू कोपर वाकविणाऱ्या स्नायूच्या मज्जातंतूला जोडण्यात आले. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. त्यामुळे पुढचे अनेक महिने केवळ वाट पाहण्याचे होते.

या महिन्यांत मुलगा खोलीत पडून राहू लागला. अपघातापूर्वी तो आणि त्याचा तेरा वर्षांचा भाऊ रोज संध्याकाळी संगणकावर फुटबॉलचा एक खेळ खेळत असत, असे वडिलांच्या बोलण्यातून कळले. घरात दोन कंट्रोलर होते. आता एक तसाच पडून होता. दोन तळव्यांत धरावयाचे ते यंत्र एका हाताने धरता येते, चालवता येत नाही.

कीबोर्डवर खेळता येईल का, असे मी विचारले. त्यावर मुलाने स्वतःच अडचण सांगितली. कीबोर्ड व पहिला कंट्रोलर या दोहोंना तो खेळ एकच खेळाडू समजत होता. दोघा भावांनी समोरासमोर खेळावयाचे, तर खेळाला दोन कंट्रोलर दिसणे आवश्यक होते. मुलगा पुढे म्हणाला, “डॉक्टरकाका, मला एकट्याला खेळायचं नाहीये. मला त्याला हरवायचंय.” अपघातानंतर त्याने काही हवे म्हणून सांगितल्याचे त्याच्या वडिलांना ते प्रथमच आठवत होते.

आईचा मात्र विरोध होता. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, हात गेला तो गेला. आता डोकंही त्या पडद्यात घालवू नका.” त्यांची भीती अनाठायी नव्हती, आणि ती उडवून लावणे मला योग्य वाटले नाही. मी त्यांना सी. बी. विन पॅरी यांच्या कामाविषयी सांगितले. ब्रेकियल प्लेक्ससच्या इजांवर दीर्घकाळ काम केलेल्या या ब्रिटिश पुनर्वसनतज्ज्ञांनी १९८० साली ‘पेन’ या नियतकालिकात आपले अनुभव प्रसिद्ध केले. मन गुंतवून टाकणारे काम वा छंद हा या वेदनेवरील अत्यंत उपयुक्त उपाय असल्याचे त्यांच्या रुग्णांनी सांगितले होते. रोज ठराविक वेळ, भावासोबत, दिवाणखान्यात आणि व्यायाम झाल्यानंतरच, अशा अटी आम्ही लिहून काढल्या. आईने त्या कागदावर वेळ स्वतःच्या हाताने लिहिली.

मांडणी

डाव्या हातासाठी साधा कीबोर्ड ठेवला. चार बोटांखाली दिशांच्या कळा, त्यांच्या भोवती चेंडू देणे, उंच चेंडू देणे, मारणे व अडविणे यांच्या कळा आणि अंगठ्याखाली लांब स्पेसबार, अशी रचना ठरली. पहिल्या रचनेत ‘तिरपे धावत चेंडू मारणे’ ही क्रिया वारंवार चुकत होती. तपासता असे आढळले, की त्या तीन कळांचे त्रिकूट तो कीबोर्ड ओळखत नव्हता. मारण्याची कळ एका ओळीने खाली आणताच प्रश्न सुटला.

वेगाने धावण्यासाठी खेळात उजवा ट्रिगर सतत दाबून धरावा लागे. एकाच हातावर ते ओझे नको, म्हणून तो ट्रिगर ‘एकदा दाबला की लागला, पुन्हा दाबला की सुटला’ अशा पद्धतीने ठेवला. विंडोज ९५ पासून उपलब्ध असलेल्या स्टिकी कीज या सोयीमागे हेच तत्त्व आहे. उजव्या पायाखाली एक मोठा ट्रॅकबॉल ठेवला. संगणकाच्या दृष्टीने तोही माऊसच. त्यामुळे त्याच्या हालचालीचे उजव्या स्टिकमध्ये रूपांतर करता आले. पाय हातापेक्षा ठोकळ, म्हणून संवेदनशीलता कमी केली आणि डेड झोन ओलांडण्याची सोय चालू केली. या सर्वाला लागलेला खर्च कीबोर्ड व ट्रॅकबॉल यांपुरताच होता. धाकट्या भावाने खरा कंट्रोलर घेतला, थोरल्याला आभासी मिळाला आणि खेळाला दोन खेळाडू दिसू लागले.

पुढील वर्षी, कोपर वाकविणाऱ्या स्नायूत पहिली हालचाल जाणवू लागली तेव्हा या सॉफ्टवेअरचा मला न सुचलेला उपयोग आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी शोधून काढला. बरगड्यांकडून आणलेला मज्जातंतू प्रारंभी दीर्घ श्वास घेतल्यावरच स्नायूला हालवितो. हा संबंध मेंदूला नव्याने शिकावा लागतो, आणि त्यासाठी शेकडो वेळा तीच हालचाल करावी लागते. ताईंनी एक जुना माऊस उघडून त्याच्या डाव्या बटणाच्या दोन टोकांना तारा जोडल्या आणि त्या एका मोठ्या, हलक्या दाबाच्या बटणापर्यंत नेल्या. उजवा हात टेबलावर पावडर टाकून आडवा ठेवला. कोपर थोडे वाकले की मनगट त्या बटणावर टेकावे, अशी योजना केली. सॉफ्टवेअरमध्ये या क्लिकला ‘चेंडू मारणे’ हे काम दिले. मुलगा श्वास भरून घेई, हात सरके आणि पडद्यावर चेंडू जाळ्याकडे जाई. व्यायामाच्या खोलीत ज्या हालचालीच्या वीस आवृत्त्यांनी तो कंटाळून जात असे, तीच हालचाल तो येथे न मोजता करी.

जे झाले ते जसेच्या तसे सांगावयाचे, तर वेदना गेली नाही. खेळ चालू असेपर्यंत ती मागे सरके आणि थांबल्यावर परत येई. परंतु ‘ती मागे सरकू शकते’ हे कळल्याने रात्रींची भीती कमी झाली, असे त्याने सांगितले. आज त्याचे कोपर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वाकते. बोटे चालत नाहीत व चालण्याची आशाही नाही. त्याने महाविद्यालय पुन्हा सुरू केले आहे. धाकटा भाऊ प्रारंभी मुद्दाम हरत असे. ते लक्षात येताच थोरल्याने त्याला तशी सक्त मनाई केली, ही गोष्ट मला आईकडूनच कळली. त्या ती सांगताना हसत होत्या.

घ्यावयाची काळजी

पहिली काळजी शाबूत हाताची. अशा रुग्णाच्या एका हातावर दोन हातांचे आयुष्यभराचे काम येऊन पडलेले असते. मनगट सरळ राहील अशी उंची, दर अर्ध्या तासाने विश्रांती आणि बोटांना मुंग्या येतात का याची विचारपूस आवश्यक आहे.

दुसरी काळजी अतिरेकाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ हे निदान समाविष्ट आहे. हे वर्गीकरण २०१९ साली स्वीकारले गेले व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व मिळणे आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे ही त्याची लक्षणे होत, आणि ती सर्वसाधारणपणे १२ महिने टिकलेली असावी लागतात. केवळ पुष्कळ वेळ खेळणे म्हणजे हा विकार नव्हे. तरीही ज्या घरात आपण खेळ सुचवितो, त्या घरात पुढील भेटींत हे प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्य ठरते.

तिसरी काळजी संगणकाच्या सुरक्षिततेची. ड्रायव्हर हा विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरतो. म्हणूनच ६४ बिटांच्या व्हिस्टापासून विंडोज अशा ड्रायव्हरवर अधिकृत डिजिटल स्वाक्षरी असल्याची मागणी करते. मूळ निर्मात्याकडूनच सॉफ्टवेअर घ्यावे, स्वाक्षरीची तपासणी बंद करावयास सांगणारे टाळावे, आणि रुग्णांच्या नोंदी असलेल्या दवाखान्यातील संगणकावर असले प्रयोग करू नयेत.

चौथी गोष्ट न्यायाची आहे. अनोळखी लोकांशी स्पर्धा करावयाच्या नेमबाजीच्या खेळांत माऊसने नेम धरणे अधिक अचूक असते. त्यामुळे कंट्रोलर असल्याचे भासवून माऊस वापरणे ही तेथे लबाडी समजली जाते. युबिसॉफ्ट या कंपनीने ‘रेनबो सिक्स सीज’ या खेळात २०२३ साली ‘माऊसट्रॅप’ नावाची व्यवस्था आणली. अशी नक्कल आढळल्यास ती त्या खेळाडूच्या आज्ञा उशिराने पोहोचविते. ज्याला दुसरा मार्गच नाही अशा अपंग खेळाडूवर या व्यवस्थेचा आघात होऊ शकतो. म्हणून आपल्या रुग्णांना मी प्रथम घरच्या माणसांसोबतचे खेळ सुचवितो, आणि बाहेरच्या स्पर्धेत उतरण्यापूर्वी त्या खेळाचे नियम वाचावयास सांगतो.

इतर साधने

नक्कल करणारे सॉफ्टवेअर हे एकमेव साधन नाही. निंटेंडोने १९८९ साली हातांविना चालणारा कंट्रोलर आणला होता; त्यात हनुवटीने हलवावयाची दांडी आणि नळीत फुंकर मारून वा हवा ओढून चालणारी बटणे होती. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. त्यावर दोन मोठी बटणे असून बाहेरचे स्विच जोडण्यासाठी ३.५ मिलिमीटरच्या १९ खाचा आहेत. सोनीचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर २०२३ च्या डिसेंबरात आला. एक्सबॉक्सवर आणखी एक सोयही आहे. तीत दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू होतो, म्हणजे जे रुग्णाला जमत नाही तेवढे शेजारी बसलेला मनुष्य करतो. ज्यांना परवडते त्यांनी ही साधने अवश्य पाहावीत. परंतु आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत कीबोर्ड व माऊस आधीच असतात, आणि आरंभ करण्यास तेवढे पुरेसे ठरतात.

उपसंहार

२००७ साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या जेम्स रॉसर व सहकाऱ्यांचा ३३ शल्यचिकित्सकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्या शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या, असे त्यात आढळले. खेळामुळे हात कुशल झाला, की मूळच्या कुशल हाताला खेळ आवडला, हे अशा अभ्यासातून ठरविता येत नाही. परंतु खेळाकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी मोकळी करण्यास तो उपयोगी पडावा.

माझी व्यवसायबंधूंना विनंती एवढीच आहे. हाताची इजा, अर्धांगवायू, स्नायूंचा क्षय वा कंप असलेला तरुण रुग्ण आला असता, तो जेवतो कसा, लिहितो कसा, हे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला, ‘पूर्वी काय खेळत होतास, आणि कोणाबरोबर?’ हाही प्रश्न विचारावा. उत्तर मिळाल्यास कोणती बोटे, कोणता पाय, मानेची वा श्वासाची कोणती हालचाल त्याच्या ताब्यात आहे याची यादी करावी, आणि त्या प्रत्येक हालचालीला एकेक काम वाटून द्यावे. संगणकाचे ज्ञान आपल्यापाशी नसले तरी अडत नाही. रुग्णाच्या घरातील शाळकरी मुलाला ते बहुधा असते. शरीराची कोणती हालचाल किती भार सोसू शकेल, हे मात्र त्या मुलाला ठाऊक नसते. ते आपण सांगावयाचे आहे.